उघाडीवरचा हात

भाईंदर पश्चिमेला इमारती संपल्या की मिठागरे लागत. दिवाळी झाली की आगरात कामाला सुरुवात व्हायची. बांध चिखलाने लिंपून घ्यायचे, उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत उन्हावर आटवायचे आणि शेवटच्या उथळ वाफ्यात दाणा धरला की ओढून ढीग घालायचे. माझे वडील एका मिठागरावर हिशेब लिहीत. सुट्टीत त्यांच्याबरोबर बांधावरून चालताना मी एकदा विचारले होते की आगरातली सगळ्यात महत्त्वाची जागा कोणती. मला वाटले ते मिठाच्या ढिगाकडे बोट दाखवतील. त्यांनी दाखवली बांधातली लाकडी झडप. तिला उघाडी म्हणतात. भरतीला ती उघडली की खाडी आपसूक आत येते, पाणी कोणाला ढकलावे लागत नाही. बांधाच्या दोन अंगांना पाण्याची पातळी वेगळी असते आणि तो फरकच सगळे काम करतो. उघाडी वेळेवर लावली नाही तर महिन्याभराची मेहनत एका भरतीत विरघळते.

पुढे कितीतरी वर्षे मी औषधशास्त्र शिकवले. पेशीपटलावरची वीज आणि तिच्यावर होणारा औषधांचा परिणाम हा भाग आला की मुलांचे चेहरे उतरत. तेव्हा मी पुस्तक मिटून त्यांना आगरातली ही उघाडी सांगत असे. म्हणूनच या विषयावरचे मराठी पुस्तक प्रस्तावनेसाठी हाती आले तेव्हा मनापासून आनंद झाला. लेखिकेने औषधविक्रेते, परिचारिका, विज्ञानशिक्षक आणि रोज एखादी तरी गोळी घेणारी साधी माणसे डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. विषयाचा सांगाडा वाचकाला आधीच माहीत असला तर पुढची प्रकरणे सोपी जातात. तेवढ्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवतो आहे.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे एक अतिशय पातळ पटल असते. त्याची जाडी साधारण ५ ते ८ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी. या पटलाच्या बाहेर खारे पाणी आणि आतही खारेच पाणी, पण दोन्हीकडचा खारेपणा वेगळा. रक्तात सोडियम पुष्कळ आणि पोटॅशियम थोडे असते. पेशीच्या आत नेमके उलटे, पोटॅशियम पुष्कळ आणि सोडियम थोडे. हा फरक आपोआप टिकत नाही. पटलात बसवलेला एक पंप रात्रंदिवस तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. आपण स्वस्थ पडून असताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा एवढ्या एका कामावर जातो. १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी हा पंप शोधला तो खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंत. त्यासाठी त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भाईंदरजवळच्या उत्तनच्या कोळणीच्या टोपलीतली चिंबोरी पाहिली की मला स्कौंची आठवण येते.

सोडियम-पोटॅशियमच्या या फरकामुळे मज्जापेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण राहते. आकडा अगदी किरकोळ वाटतो. घड्याळातला छोटा सेलसुद्धा दीड व्होल्टचा असतो. पण हा दाब किती जाडीवर पडला आहे ते पाहा. त्या हिशेबाने पटलावर मीटरला सुमारे १ कोटी व्होल्ट इतका ताण येतो. हवेत मीटरला ३० लाख व्होल्टचा ताण आला तरी ठिणगी पडते. त्याच्या तिप्पट ताण अंगावर घेऊन आपल्या कोट्यवधी पेशी शांत बसलेल्या असतात आणि उघाडी उघडण्याची वाट पाहतात. या उघाड्या प्रथिनांच्या बनलेल्या असतात. शास्त्रात त्यांना आयन चॅनेल म्हणतात. एक चॅनेल उघडले की सेकंदाला कोटीच्या हिशेबाने आयन, म्हणजे सोडियम-पोटॅशियमसारखे विद्युतभारित कण, त्यातून जाऊ शकतात. मात्र मज्जातंतूतले सोडियमचे चॅनेल उघडते ते सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते. लगेच ते आपले आपण मिटते आणि थोडा विसावा घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. या उघडण्यामिटण्याच्या तालावर आपला विचार चालतो, हात हलतो, हृदय ठोके देते.

हे सारे माणसाला कळले ते माकुलामुळे, म्हणजे समुद्रातल्या स्क्विडमुळे. मी विद्यार्थ्यांना उत्तनच्या बाजारातून ताजे माकूल आणायला सांगत असे. त्याचे आवरण मधोमध चिरून पोटातले अलगद काढले की आतल्या बाजूला, उजवीडावीकडे, चांदणीच्या आकाराची एकेक गाठ दिसते. गाठीतून किरणांसारखे तंतू फुटलेले असतात. त्यातला शेपटीकडे जाणारा पांढुरका दोरा नुसत्या डोळ्यांना दिसतो. मुले वाकून पाहत आणि एकदम गप्प होत. मज्जातंतू प्रत्यक्ष पाहण्याची ती बहुतेकांची पहिली वेळ असे. संकट दिसले की माकूल पाण्याची पिचकारी मारून मागे उसळते, ती आज्ञा याच दोऱ्यातून धावते. युरोपच्या किनाऱ्यावरच्या माकुलांत त्यातला मुख्य तंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड भरतो. आपला जाडातला जाड तंतूही त्यापुढे कितीतरी पटींनी बारीक आहे. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९३९ साली इंग्लंडात प्लिमथ येथे या तंतूच्या आत तार घालून वीज मोजली. मग महायुद्ध आले आणि काम थांबले. १९५२ साली त्यांनी गणितासह सिद्ध केले की मज्जातंतूतला संदेश म्हणजे आधी सोडियमची आत येणारी भरती आणि पाठोपाठ पोटॅशियमची बाहेर जाणारी ओहोटी. १९६३ चे नोबेल या कामाला मिळाले. एकेका चॅनेलमधून वाहणारी वीज मोजायची युक्ती एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ साली काढली. आज औषधांच्या प्रयोगशाळांत तीच पद्धत वापरतात.

आता औषधाकडे येऊ. या पुस्तकातून एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते असे आहे: औषध शरीरात वीज आणत नाही, ते उघाडीवर हात ठेवते. भरती शरीराचीच असते आणि ओहोटीही शरीराचीच. औषध फक्त कोणती उघाडी, किती वेळ आणि किती उघडी राहील एवढेच बदलते. एकच पदार्थ एका माणसाला वाचवतो आणि दुसऱ्याला मारतो, याचे उत्तर यातच आहे.

दाताच्या डॉक्टरांकडचे इंजेक्शन घ्या. लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले आणि आज कदाचित गावातल्या लहानशा दवाखान्यातही मिळते. हिरडीत टोचल्यावर त्याचे रेणू दोन रूपांत राहतात, काही विद्युतभारित आणि काही भाररहित. भाररहित रेणू, साधारण चौथा हिस्सा, पटलाच्या स्निग्ध थरातून पेशीत शिरतात. आत गेल्यावर त्यातले पुष्कळसे भारित होतात आणि सोडियमची उघाडी आतल्या तोंडाने बुजवतात. भरती अडली की संदेश थांबतो आणि दाढ काढताना ओढ कळते पण वेदना कळत नाही, कारण दुखणे सांगणारे बारीक तंतू दाब सांगणाऱ्या जाड तंतूंच्या आधी बधिर होतात. दाढेत पू झाला असेल तर मात्र तेच इंजेक्शन नीट लागू पडत नाही. माझ्यावर एकदा हा प्रसंग आला. दोनदा टोचूनही कळ थांबेना. डॉक्टरांनी हात थांबवला, पू निघून जाईल अशी व्यवस्था केली आणि चार दिवसांनी या म्हणाले. पू असलेली जागा आम्लधर्मी असते, तिथे भाररहित रेणू फार थोडे उरतात आणि पटल ओलांडून आत जाणारेच कमी पडतात. चार दिवसांनी त्याच औषधाच्या तेवढ्याच मात्रेने दाढ सुखाने निघाली. औषध तेच होते, हात तोच होता, बदलले होते ते दाढेभोवतीचे पाणी. आणि हेच लिग्नोकेन अतिदक्षता विभागात शिरेतून दिले की हृदयाचे बेताल ठोके आवरायला मदत करते, कारण हृदयाच्या स्नायूलाही सोडियमच्याच उघाड्या आहेत.

या विषयातला सर्वांत मोठा धडा मात्र आपल्या कोकणानेच दिला आहे. तो मराठी वाचकाने अभिमानाने वाचावा. कोकणच्या जांभ्या दगडांत, पेंढ्याच्या उडव्यांत आणि कौलांखाली लाल विंचू राहतो. त्याच्या विषातले घटक सोडियमच्या चॅनेलला मिटू देत नाहीत. उघाडी उघडी ती उघडीच राहते. मज्जातंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतात, शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, घामाने कपडे भिजतात, हातपाय गार पडतात, उलट्या होतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. मग फुप्फुसात पाणी भरते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाकडे नेलेली कितीतरी मुले अशी गेली.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा अशा एकेका खुणेची नोंद ठेवली. विंचवाचा रुग्ण नेमका कशाने दगावतो हे त्यांनी आधी निरीक्षणाने ठरवले. १९८२ साली त्यांची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यानंतर त्यांनी प्राझोसिन वापरायला घेतले. उच्च रक्तदाबावरची ही स्वस्त गोळी तेव्हा बाजारात होतीच. ती सोडियमच्या चॅनेलला हात लावत नाही. ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरच्या ज्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटून वाहिन्या आवळतात, त्या ग्राहींवर ती आधीच जाऊन बसते. उघाडी मोडली होती, ती डॉक्टरांना लावता येत नव्हती, म्हणून त्यांनी पुढच्या पाटाची तोंडे मोकळी केली आणि पूर उतरला. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरातले तीसच्या आसपास दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. पुढे महाडलाच त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवर रीतसर चाचणी केली. निम्म्यांना नुसते प्राझोसिन दिले, निम्म्यांना प्राझोसिनबरोबर विंचवाचे प्रतिविषही दिले. दोन्ही मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत बरे झाले, नुसते प्राझोसिन मिळालेल्यांना १७ तासांहून अधिक वेळ लागला. ही चाचणी २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. डॉ. हिंमतराव यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. मोठ्या यंत्रांवाचून, तालुक्याच्या गावी, रात्रीच्या दिव्याखाली पेशीपटलाच्या विजेचा अभ्यास असाही करता येतो, हे या उदाहरणातून शिकावे.

याच लाल विंचवाच्या विषात आणखी एक रेणू आहे. अवघ्या ३७ अमिनो आम्लांच्या त्या साखळीचे नाव आयबेरिओटॉक्सिन. तो पोटॅशियमची एक विशिष्ट उघाडी इतक्या नेमकेपणाने बंद करतो की १९९० पासून जगभरच्या प्रयोगशाळा तो हत्यार म्हणून वापरतात. ज्याला आपण जोड्याखाली चिरडतो, त्याच्या नांगीतला रेणू संशोधकांच्या हातात एका कुलपाची किल्ली झाला आहे.

पुस्तकातली मधली प्रकरणे रोजच्या गोळ्यांबद्दल आहेत आणि वाचकाला सर्वांत जवळची वाटतील. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी कितीतरी घरांत सकाळी घेतली जाते. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींना पोटॅशियमची एक उघाडी असते. जेवण झाले, साखर पेशीत जळू लागली की त्या ऊर्जेनेच ती बंद होते, पटलाचे ऋणपण ओसरते, कॅल्शियम आत शिरते आणि इन्शुलिन बाहेर पडते. ग्लिमेपिराइड हीच उघाडी थेट बंद करते, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून गोळी घेऊन न्याहारी न करता सकाळची चर्चगेट लोकल पकडणाऱ्याला दहिसर-बोरिवलीच्या दरम्यान दरदरून घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. बाजूचे प्रवासी समजतात की गर्दीने घाबरला. त्याला त्या क्षणी साखरेची गरज असते. डॉक्टर 'गोळी घेतलीत तर जेवण चुकवू नका' असे बजावतात त्यामागचे कारण इतके स्पष्ट आहे आणि ते रुग्णाला मराठीत कळायला हवे.

रक्तदाबावरचे ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतली कॅल्शियमची उघाडी आवरते. स्नायू सैलावतो, नळी रुंदावते, दाब उतरतो. काहींचे घोटे सुजतात तेही याच कारणाने. फेफऱ्यावरचे फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे आणि त्याची रीत फार समंजस आहे. वारंवार उघडमीट करणारे सोडियम चॅनेल ते अधिक पकडते, शांतपणे काम करणाऱ्यांना फारसे अडवत नाही. झटक्याच्या वेळी बेभान पेटलेल्या पेशी आवरल्या जातात आणि बाकीचा मेंदू आपले काम करत राहतो.

यापुढची प्रकरणे धोक्याची आहेत आणि ती घाईने वाचू नयेत. अंगणातली पिवळी कण्हेर, जिच्या बिट्ट्या घेऊन आपण लहानपणी खेळलो, तिच्या बियांतले विष सोडियम-पोटॅशियमचा पंपच अडवते आणि हृदयाचा ताल मोडते. हाच पंप अडवणारे डिजॉक्सिन तोलून मापून दिले तर थकलेल्या हृदयाला जोर देते. इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली अशाच द्रव्यांच्या डिजिटॅलिस वनस्पतीच्या पानांवर पुस्तक लिहिले तेव्हाच मात्रेचे महत्त्व बजावले होते. १९८९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने डॉक्टरांना हादरवले. हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे जादा ठोके सोडियमची उघाडी अडवणाऱ्या औषधांनी कमी झाले, पण ती औषधे घेणारे रुग्ण जास्त संख्येने दगावले. कागदावरचा आलेख सुधारला आणि माणूस गेला. टर्फेनाडिन हे सर्दी-ॲलर्जीचे औषध हृदयातली पोटॅशियमची एक उघाडी अडवून काही वेळा जीवघेणे ठोके घडवते असे कळल्यावर बाजारातून काढावे लागले. या उघाडीचा आतला कप्पा रुंद असतो, त्यात वेगवेगळ्या जातींची औषधे अडकतात. म्हणून आता नवे औषध बाजारात येण्याआधी या एका चॅनेलवर तपासून पाहतात. २०२० च्या साथीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी औषधांच्या दुकानांपुढे धावपळ झाली ती अनेकांना आठवत असेल. ही गोळीही याच उघाडीला हात लावते, आणि ॲझिथ्रोमायसिन सोबत असेल तर काळजी वाढते. ईसीजीवरचा क्यूटी नावाचा टप्पा किती लांबला हे डॉक्टर पाहतात ते यासाठी. ओळखीच्या माणसाने सांगितले म्हणून गोळी घेणारा कोणत्या उघाडीवर हात ठेवतो आहे, हे त्याला ठाऊक नसते.

लेखिकेच्या भाषेबद्दल दोन शब्द. तिने चॅनेल, पंप, ईसीजी हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण दवाखान्यात आणि दुकानात माणसे तेच बोलतात. जिथे आपल्याकडे शब्द होता तिथे तो वापरला आहे. विंचवाचे प्रकरण वाचताना मला पहिल्यांदा जाणवले की हा विषय मराठीत बाहेरून आणून बसवावा लागत नाही. आगरात राबणाऱ्या माणसाला खाऱ्या पाण्याचे दोन बाजूंचे फरक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. माकूल आणि चिंबोरी आपल्या ताटात आहेत. लाल विंचू आपल्या बांधावर आहे आणि त्याच्यावरचा इलाज महाडमध्ये घडला. उणीव होती ती हे सगळे एका ठिकाणी, आपल्या भाषेत, जबाबदारीने सांगणाऱ्या पुस्तकाची. ती आता भरून निघते आहे.

वाचकाला एक विनंती आहे. हे पुस्तक वाचून कोणी स्वतःची गोळी स्वतः बदलू नये, बंद करू नये, शेजाऱ्याला देऊ नये. त्याऐवजी पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे किंवा औषधाच्या दुकानात उभे राहाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. ही गोळी शरीरात कुठे काम करते? ती जेवणाआधी घ्यायची की नंतर, आणि जेवण चुकले तर काय? मी घेत असलेल्या दुसऱ्या गोळीबरोबर तिचे जमते का? डॉक्टर किंवा औषधविक्रेते घाईत असतील, तरी विचारा. वडील भरतीची वेळ रोज नव्याने विचारून घेत, काल माहीत होती म्हणून आज गृहीत धरत नसत. उघाडीवर हात ठेवण्याआधी पाणी कोणत्या बाजूला किती आहे ते पाहायचे, एवढेच ते करत.

भाईंदर, मकरसंक्रांत